चौल : वाडीत झाकलेले बंदर

मंडळाच्या स्मरणिकेत सहलीचा वृत्तान्त दर वर्षी येतोच. किती वाजता निघालो, न्याहारीला काय होते, गाण्याच्या भेंड्या कोणी जिंकल्या, हे सारे वाचायला गोडच लागते. परंतु यंदाच्या चौल-रेवदंड्याच्या सहलीनंतर संपादक भगिनींनी मला मुद्दाम सांगितले की, "तुम्ही सहलीचे लिहू नका, गावाचे लिहा." त्याला कारणही तसेच होते. निम्म्या जणी म्हणत होत्या, "पाहण्यासारखे फार नव्हते हो!" आणि उरलेल्या निम्म्या म्हणत होत्या, "एवढे मोठे शहर होते, तर ते गेले कुठे?" दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला.

चौलच का निवडले, ते आधी सांगते. आमच्या एक सभासद भगिनी मुलाकडे जाताना वाटेत इजिप्त पाहून आल्या. कैरोहून पहाटे निघून एका दिवसात त्यांना अलेक्झांड्रिया शहर दाखवून आणले. बरोबर माहिती सांगणारा माणूस, दुपारचे जेवण, रात्री परत कैरोला. मंडळाच्या सभेत त्यांनी फोटो दाखवले. आकाशाला भिडलेला तो एकच दगडी खांब, जमिनीच्या पोटातली थडगी, समुद्रकाठचा कायतबे सुलतानाचा किल्ला, जिथे पूर्वी जगप्रसिद्ध दीपगृह होते. सगळ्या जणी हरखून गेल्या. कोणीतरी सहज विचारले, "आपल्या बाजूला असे एखादे जुने बंदर नाही का?"

आता योगायोग पाहा. याच अलेक्झांड्रियात दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाचा भूगोलकार राहत होता. जगातल्या गावांची स्थाने ठरविण्याचा त्याने उद्योग मांडला होता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील 'सिमुल्ला' या बंदराची माहिती आपण तिकडे जाऊन आलेल्या, तिथे पुष्कळ काळ राहिलेल्या व्यापाऱ्यांकडून घेतली, आणि तिथले लोक त्या गावाला 'तिमूल' म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे सिमुल्ला म्हणजे आपले चौल, असे बहुतेक पंडित मानतात. काहींनी ते चेंबूर असावे असाही तर्क केला होता. वाशीकरांना तो अधिक सोयीचा पडला असता, खाडी ओलांडली की झाले! परंतु कौल चौलच्या बाजूने आहे. थोडक्यात, आमच्या भगिनी जे गाव पाहून आल्या ते एका व्यापाराचे एक टोक, आणि दुसरे टोक आमच्या घरापासून तीन-साडेतीन तासांवर. तिथे जाण्याचे त्याच सभेत ठरले.

टॉलेमीच्याही आधी, पहिल्या शतकात, इजिप्तमधल्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात कल्याणनंतरच्या बंदरांत चौलचे नाव येते. नुसते नावच येते, वर्णन नाही. त्यावरून फार इमले बांधू नयेत. पण त्या पुस्तकातून व्यापाराची रीत नीट कळते. इजिप्तमधली गलबते जुलैच्या सुमारास तांबड्या समुद्रातून निघत आणि पावसाळी वाऱ्याच्या जोरावर आपल्या किनाऱ्याला लागत. परतीसाठी वारा उलटा फिरेपर्यंत थांबणे भागच होते. परतलेला माल तांबड्या समुद्राच्या बंदरांत उतरे, तेथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत आणि नदीतून होडीने अलेक्झांड्रियाला. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांतही 'चेमुल' गावच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. गावाला पैसा होता आणि तो धर्मकार्याला देण्याची दानतही होती, हे त्यावरून उघड आहे.

असो. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असे करीत अलिबाग गाठले. तेथून रेवदंडा सुमारे सतरा किलोमीटर. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही सारी गावे अष्टागरातली. अष्टागर म्हणजे नारळी-पोफळीच्या आगरांची गावे. दुतर्फा वाड्या, त्यांतून विहिरी, मध्ये अरुंद रस्ता. आपण एका प्राचीन शहरात शिरत आहोत असे कोठेही वाटत नाही. सावली मात्र इतकी दाट की गाडीतल्या आजींनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. माहिती सांगायला चौलकडचे एक निवृत्त शिक्षक आमच्याबरोबर होते. "माझे नाव छापू नका" असे त्यांनी बजावल्यामुळे येथे त्यांना गुरुजीच म्हणते.

गुरुजींनी आधी रामेश्वराच्या देवळात नेले. देवळापुढे मोठी पुष्करणी आहे. आत पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत. अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडायचे, अशी येथली जुनी रीत. चौलला पूर्वी चंपावती म्हणत, रेवदंडा म्हणजे रेवतीक्षेत्र, आणि गावात तीनशे साठ देवळे व तीनशे साठ तळी होती, अशी दंतकथा गुरुजींनी सांगितली. "मोजली कोणी?" असे आमच्यातल्या एकीने विचारताच ते हसून म्हणाले, "ताई, वर्षाचे दिवस जितके तितकी देवळे. मोजायचे कामच नाही!"

दंतकथा सोडून लेखी पुराव्याकडे वळले तरी चौल काही लहान होत नाही. इ. स. ९१६ मध्ये अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी येथे आला. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. तेव्हा कोकणावर शिलाहारांचा झंझ राजा राज्य करीत होता. गावात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इकडून आलेले आणि त्यांचे येथेच जन्मलेले वंशज मिळून दहा हजार मुसलमान राहतात, असे मसूदीने लिहिले आहे. त्यांचे तंटेबखेडे त्यांच्यातलाच एक प्रमुख मिटवी आणि त्या प्रमुखाची नेमणूक राजा करी. हा झंझ राजा मोठा शिवभक्त, त्याने बारा शिवालये बांधल्याचे शिलाहारांच्या लेखात म्हटले आहे. बारा देवळे बांधणारा राजा परक्या व्यापाऱ्यांना त्यांच्या रीतीने राहू देतो, हे मला फार महत्त्वाचे वाटले. बंदर भरभराटीला येते ते अशाने. मसूदी पुढे इजिप्तमध्ये फुस्तातला, म्हणजे जुन्या कैरोत, वारला. म्हणजे पुन्हा तोच रस्ता!

इ. स. १०९४ चा शिलाहार राजा अनंतदेव याचा एक ताम्रपट खारेपाटणला सापडला. त्यात त्याने दोघा भावांच्या मालाला ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. जकात माफ करण्यासारखी असायला ती मुळात भरपूर जमा व्हावी लागते, हे आमच्या खजिनदारबाईंनी लगेच ताडले.

रामेश्वरानंतर ज्यांचे गुडघे चांगले त्या हिंगुळजा देवीच्या डोंगरावर चढल्या. वाटेत जुनी बौद्ध लेणी आहेत. बाकीच्यांनी शीतलादेवीचे दर्शन घेतले. दत्ताच्या डोंगराला आम्ही खालूनच नमस्कार केला. त्या पायऱ्या चढायच्या तर वेगळा दिवसच हवा. हमामखान्याचे पडके घुमट आणि कलावंतिणीचा वाडा झाडाझुडपांतून पाहिला. वाड्याच्या भिंतीतून वडाची मुळे अशी उतरली आहेत की दगडाने मूळ धरले आहे की मुळाने दगड, तेच कळत नाही.

मग रेवदंडा. येथल्या एका शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचे स्मारक आहे, हे कळल्यावर सगळ्यांना नवल वाटले. त्याचे नाव अफानासी निकितिन. त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा येण्याआधी जवळजवळ तीस वर्षे! बरोबर त्याने एक घोडा आणला होता, शंभर रूबल देऊन घेतलेला. आपल्या देशात चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि बहामनी राज्यात घोड्याला मोठी किंमत येई. तो चौलहून घाट चढून जुन्नरला गेला, तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला आणि "आमचा धर्म घे, तर घोडा देतो" असे सांगितले. चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली करून घोडा सोडवून दिला, तेव्हा बिचारा सुटला. मायदेशी पोचण्यापूर्वीच तो वाटेत वारला. त्याची टिपणे तेवढी राहिली. त्यांत चौलच्या लोकांचे वर्णन आहे. इथले लोक उघड्या अंगाने व उघड्या डोक्याने वावरतात, बायका वेण्या घालतात, आणि गोरा माणूस दिसला की सगळे त्याच्या मागे जाऊन बघत राहतात, असे तो सांगतो. आपण त्यांच्याकडे पाहतो आणि ते आपल्याकडे! या निकितिनवरच १९५७ साली 'परदेसी' हा चित्रपट निघाला होता, नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. आमच्यातल्या दोघी ज्येष्ठ भगिनींनी तो पाहिलेला होता. स्मारकापाशी त्यांनीच गुरुजींना चार गोष्टी सांगितल्या.

आता मी ज्या प्रसंगापाशी अधिक थांबणार आहे तो खाडीतला. कुंडलिका नदी रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. अलीकडे रेवदंडा, पलीकडे कोर्लईचा लांबट डोंगर आणि त्यावरचा किल्ला. १५०८ च्या मार्च महिन्यात याच खाडीत मोठी आरमारी लढाई झाली, आणि ती कोणाकोणांत? पोर्तुगीज आणि इजिप्तचा सुलतान यांच्यात!

कैरोच्या सुलतानाला इतक्या लांब येऊन लढण्याचे कारण काय? कारण तोच जुना व्यापार. मिरी-मसाले आपल्या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रात, तेथून कैरो-अलेक्झांड्रियाला जात, आणि तेथून व्हेनिसचे व्यापारी ते युरोपात नेत. प्रत्येक मुक्कामी जकात. कैरोची श्रीमंती पुष्कळशी त्या जकातीवर होती. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून नवी वाट काढली आणि समुद्रात जुनी गलबते लुटायला सुरुवात केली, तेव्हा सुलतान कानसूह अल्-घौरी याचे उत्पन्नच बुडू लागले. त्याने सुएझला आरमार बांधले. इजिप्तमध्ये जहाजाजोगे लाकूड नाही. ते दूर उत्तरेकडून समुद्रमार्गे आणून वाळवंटातून उंटांवर लादून सुएझला न्यावे लागले. त्या आरमाराचा सरदार अमीर हुसेन. दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. पोर्तुगीज गलबतांचा नायक होता लोरेन्सू द आल्मेदा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा.

लढाई दोन-तीन दिवस चालली. शेवटी लोरेन्सूच्या जहाजाला गोळा लागून भोक पडले, पाणी शिरू लागले आणि ओहोटीबरोबर वाहत जाऊन ते अडकले. कशात? कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी खाडीत रोवलेल्या खांबांत! पोर्तुगीज बखरकारांनीच हे लिहून ठेवले आहे. लोरेन्सू तिथेच मारला गेला. पुढल्या वर्षी, १५०९ च्या फेब्रुवारीत, त्याच्या बापाने दीवला जाऊन सूड घेतला आणि इजिप्तचे आरमार मोडले. आठ वर्षांनी, १५१७ मध्ये, खुद्द कैरोही तुर्कांच्या हाती गेले.

इतिहासाच्या पुस्तकांत सुलतान, व्हाइसरॉय, सरदार यांची नावे सापडतात. ते खांब ज्याने रोवले त्या कोळ्याचे नाव कोठेही नाही, आणि त्याच्या जाळ्याची भरपाई कोणी केली तेही नाही. आमच्या वाशीच्या खाडीतही कोळी बांधवांचे असे खांब उभे असलेले मी पाहिले आहेत. रेल्वेच्या डब्यातून रोज जाणाऱ्यांनीही पाहिले असतील.

१५२१ साली पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्यास किल्ला बांधायला घेतला. तेव्हापासून चौलाची दोन शहरे झाली. वरचे चौल निजामशाहीचे आणि खालचे, म्हणजे रेवदंडा, फिरंग्यांचे. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने कित्येक महिने रेवदंड्याला वेढा घातला, तो फसला. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्यानेही वेढा दिला, तरी ठाणे पडले नाही. किल्ल्याची तटबंदी आज नारळीच्या वाड्यांतून फिरते. तटाच्या आत घरे आहेत, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या असतात. सातखणी बुरूज म्हणून जो उंच मनोरा दिसतो, तो वस्तुतः बुरूज नव्हे, फ्रान्सिस्कन पंथाच्या देवळाचा मनोरा. सातांपैकी वरचे खण केव्हाच ढासळले. सन १८७६ मध्ये डॉ. गर्सन द कुन्हा या मुंबईच्या गोवेकर पंडिताने चौल आणि वसईच्या जुन्या अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्यांना आवड असेल त्यांनी ते अवश्य चाळावे.

आम्हां बायकांना गोडी वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. चौल हे विणकरांचे गाव होते. सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी या बाजूला आला होता. चौलचे रेशमी कापड आणि तिथल्या लाखेच्या रंगकामाच्या पेट्या यांची त्याने मनापासून वाखाणणी केली आहे. पुढे १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कंपनीला शहर वसवायचे होते. नुसत्या तटबंदीने शहर वसत नाही, त्याला हात लागतात. कंपनीने चौलच्या विणकरांना बोलावून मुंबईत राहायला जागा दिल्या. इकडे रोजची लढाई, तिकडे काम आणि सुरक्षितता. माग उचलून माणसे निघाली.

"शहर गेले कुठे?" या प्रश्नाचे माझ्या मते हे खरे उत्तर आहे. चौल कोणी एका दिवसात जाळले नाही. खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे आत येईनात. व्यापार सुरतेला आणि मग मुंबईला गेला, त्याच्यामागे कारागीर गेले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. तोपर्यंत बंदराचे महत्त्व बरेच ओसरले होते. रिकाम्या जागेत माणसांनी नारळ लावले. अलेक्झांड्रियाही मध्यंतरी अशीच खेड्याच्या मोलाला आली होती, पण एकोणिसाव्या शतकात मुहम्मद अली पाशाने नाईलपासून कालवा खणून आणला आणि ते शहर पुन्हा उठले. चौलसाठी कालवा खणायला कोणी नव्हते, आणि शेजारी मुंबई उभी असताना कोणी खणलाही नसता.

हे ऐकताना मला वाशीची आठवण होणे साहजिकच होते. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली खाडीपूल झाला, १९९२ साली आगगाडी आली. मुंबईचा भार हलका करायचा म्हणून नवे शहर, शेवेजवळ नवे बंदर. चौलकडून मुंबईने जे घेतले त्यातले थोडे आता आमच्याकडे येते आहे, इतकेच. आमच्यापैकी कितीकजणी कुठून कुठून येथे आलो, तो हिशेब प्रत्येकीने आपापल्या मनाशी करावा.

शेवटी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ला चढायला ऊन फार झाले होते. आमचे लक्ष खालच्या वस्तीकडे होते. १७४० नंतर ज्यांच्याजवळ ऐपत होती ते फिरंगी आणि ख्रिस्ती गोव्याला निघून गेले. गरीब ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली आणि खाडीपलीकडे कोर्लईला वसली. त्यांची बोली आजही जिवंत आहे. तिला ती मंडळी 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची मांडणी पुष्कळशी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकेतील भाषापंडिताने या बोलीवर १९९६ मध्ये सबंध ग्रंथ लिहिला आहे. तट पडला, देवळे पडली, विणकर गेले, आणि ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी भाषा तेवढी जपली. चौलच्या साऱ्या अवशेषांत मला हा सर्वांत अस्सल वाटला.

देवळाजवळच्या एका घरात वृद्ध बाईंनी आम्हांला पाणी दिले. आमच्याशी त्या स्वच्छ मराठीत बोलत होत्या आणि आत सुनेला हाक मारताना त्यांच्या बोलीत. गुरुजींनी आम्हांला सांगितले की, तुम्ही रोज बटाटा, कोबी, पाव, चावी, बादली, फीत, पगार म्हणता ते सारे पोर्तुगीजच. त्यावर त्या बाई खूप हसल्या. "म्हणजे यांनापण आमची भाषा येते की!" म्हणाल्या. आमच्यातल्या एकीने विचारले, "आजी, नातवंडे बोलतात का ही भाषा?" त्या म्हणाल्या, "शाळेत मराठी, नोकरीला मुंबईत हिंदी. घरात बोलतात. सून गावातलीच केली ना, म्हणून."